चिनी लेखन परीक्षेचा ऑनलाइन वर्ग: तपासणी घ्या, साचे सोडा

आधी निकाल सांगते, मग कारणं. चिनी भाषेच्या लेखन परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या या ऑनलाइन वर्गाचे दोन भाग आहेत. एका भागात रेकॉर्ड केलेले धडे आणि पाठ करायची तयार वाक्यं मिळतात. दुसऱ्या भागात तुमचं लिखाण एक जिवंत माणूस वाचतं, खुणा करून परत पाठवतं आणि तेच पुन्हा लिहायला लावतं. दुसऱ्या भागासाठी मी हा वर्ग कुणालाही सुचवेन. पहिला भाग उघडलाच नाही तरी काही बिघडणार नाही. वर्गाचं नाव घेत नाही, कारण माझ्या तक्रारी बऱ्याच आहेत. शिवाय तपासणाऱ्या बाई उद्या दुसरीकडे गेल्या तर हे कौतुकही फुकट जाईल. याच धाटणीचे वर्ग आता भरपूर निघालेत. काय बघून निवडायचं एवढं कळलं तरी पुरे.

मी स्वतः चिनी शिकवते. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या चौथ्या पातळीपर्यंत विद्यार्थ्यांची तयारी माझ्याकडे बरी होते. पाचवीपासून लिखाण तपासायला फार वेळ लागतो, आणि माझी पोरं माझ्या लाल पेनाला इतकी सरावली आहेत की मी कुठे खूण करणार हे त्यांना लिहितानाच माहीत असतं. म्हणून काही जणांना या वर्गात घातलं आणि मीही नाव नोंदवलं. आपले विद्यार्थी दुसऱ्याच्या हाती द्यायचे तर तो काय करतो हे बघायला नको?

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या या परीक्षेच्या सहा पातळ्या गेली कित्येक वर्षं चालत आल्या आहेत. पहिल्या दोन पातळ्यांत लेखन नाहीच. तिसरीत १० प्रश्न: पाचांमध्ये सुटे शब्द जुळवून वाक्य करायचं, पाचांमध्ये उच्चार दिलेला असतो त्याचं अक्षर लिहायचं. चौथीत १५ प्रश्न आणि २५ मिनिटं. त्यात शब्द जुळवण्याबरोबर चित्र बघून एक-एक वाक्य लिहायचं असतं. इथपर्यंत अभ्यास केला की निभतं. पाचवीत ४० मिनिटांत आठ वाक्यं जुळवून शिवाय ८०-८० अक्षरांचे दोन छोटे परिच्छेद लिहायचे असतात. एका परिच्छेदात दिलेले पाचही शब्द यायला हवेत, दुसरा चित्रावरून लिहायचा. सहावीत हजारेक अक्षरांची गोष्ट १० मिनिटं वाचायला देतात, मग कागद काढून घेतात आणि ३५ मिनिटांत तीच गोष्ट ४०० अक्षरांत सांगायला लावतात. स्वतःचं मत घालायचं नाही, शीर्षक मात्र स्वतःचं द्यायचं.

चौथीतून पाचवीत जाताना जी दरी लागते ती शब्दसंख्येची वाटते. जुन्या यादीत चौथीला १२०० आणि पाचवीला २५०० शब्द, त्यामुळे सगळे शब्दांच्या मागे लागतात. माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. चौथीपर्यंत विद्यार्थ्यानं आयुष्यात कधी सलग चार चिनी वाक्यं लिहिलेली नसतात. एकेक वाक्य बिनचूक येतं, पण चार वाक्यं एकमेकांना धरून उभी राहत नाहीत.

आता त्या साच्यांबद्दल. पाचवीच्या परिच्छेदासाठी या वर्गानं 'कुठल्याही विषयाला चालणारी सुरुवात' म्हणून एक वाक्य पाठ करायला दिलं होतं. त्याचा अर्थ असा: 'समाजाच्या विकासाबरोबर लोकांचं राहणीमान उंचावत चाललं आहे.' वाक्यात चूक काहीच नाही. पण ते विरामचिन्हांसकट २० चौकोन खातं (चिनीत एका अक्षराला एक चौकोन). ८० मधले २० गेले, दिलेल्या पाच शब्दांपैकी एकही अजून आलेला नाही, आणि विषय मुलाखतीचा असो की हरवलेल्या छत्रीचा, समाजाचा विकास सुरूच. उसन्या कोटासारखं आहे ते. अंगात सगळ्यांच्या जातं, बसत कुणालाच नाही.

एका सरावात पाच शब्द आले होते: मुलाखत, अनुभव, घाबरणं, अखेर आणि अभिनंदन. माझ्या एका विद्यार्थ्यानं साच्याप्रमाणे लिहिलं. समाजाचा विकास झाला, राहणीमान उंचावलं, मग मुलाखत महत्त्वाची असते, अनुभवही महत्त्वाचा असतो, घाबरू नये, अखेर आपण यशस्वी होऊ, सर्वांचं अभिनंदन! पाचही शब्द हजर. व्याकरणात एकच चूक. वाचून मात्र असं वाटलं की हे कुणीच कुणाला सांगत नाहीये.

तपासणाऱ्या बाईंनी, सगळे त्यांना 'लाओश' म्हणजे शिक्षक असंच म्हणतात, पहिल्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि समासात दोन प्रश्न लिहिले: 'कुणाची मुलाखत? ती व्यक्ती घाबरली तेव्हा काय झालं?' बस्स. दुसरा मसुदा असा आला: गेल्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीची मुलाखत होती. कामाचा अनुभव नाही म्हणून ती इतकी घाबरली की स्वतःचं नावच सांगायचं विसरली. मुलाखत घेणारे हसले, म्हणाले, सावकाश बोला. काल तिला अखेर फोन आला. मी अभिनंदन करायला गेले तर ती अजून घाबरलेलीच! चिनीत हे जेमतेम ८० चौकोनांच्या पुढे जातं आणि एकही शब्द कोंबल्यासारखा वाटत नाही.

परीक्षेचे अधिकृत निकषही याच बाजूचे आहेत. वरच्या पट्ट्यातले गुण मिळवायला पाचही शब्द वापरलेले हवेत, अक्षरांच्या आणि व्याकरणाच्या चुका नकोत, आणि मजकूर भरीव, सलग, तर्काला धरून हवा. शब्द सुटले आणि सलगपणा नसला की खालचा पट्टा. मजकूर सलग आहे पण थोड्या चुका आहेत किंवा लांबी कमी पडली आहे, तर मधला. 'भारदस्त सुरुवात' असं त्यात कुठेही नाही. तरी साचे खपतात, कारण पाठ केलं की हाताशी काहीतरी असल्यासारखं वाटतं. शिकवणाऱ्यालाही ते सोयीचं, एकदा रेकॉर्ड केलं की झालं.

तपासणीची पद्धत या वर्गाची खरी कमाई आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. लाओश चूक दुरुस्त करून देत नाहीत. चुकीचा प्रकार सांगणारी खूण करतात: अक्षरासाठी गोल, शब्दक्रमासाठी बाण, निवड चुकलेल्या शब्दाखाली नागमोडी रेघ, गाळलेल्या गोष्टीसाठी खाच. बरोबर काय ते विद्यार्थ्यानं शोधायचं आणि पूर्ण परिच्छेद पुन्हा लिहून पाठवायचा. दुसऱ्या मसुद्यानंतरच नमुना उत्तर उघडतं, आधी नाही. विद्यार्थ्यांना सुरुवातीला याचा राग येतो. 'चूक माहीत आहे तर सांगत का नाहीत?' असं मला एकीनं वैतागून विचारलं होतं. पण दुरुस्त केलेली वही विद्यार्थी बघतो आणि मिटतो, हे मी इतकी वर्षं पाहत आले आहे. शोधावं लागलं की ती चूक ओळखीची होते.

महिनाभराचे मसुदे एकत्र ठेवून पाहिले तर मराठी बोलणाऱ्यांच्या चुकांचं एक ठरलेलं घराणं दिसतं. पहिली चूक 'ल' या प्रत्ययाची. सगळ्यांना वाटतं 'ल' म्हणजे भूतकाळ. मग काल, परवा, लहानपणी, काहीही आलं की क्रियापदाला 'ल' चिकटतो. लाओशनी एका वाक्यावर तीन वेळा खूण केली होती: 'लहानपणी मी नेहमी आजीकडे गेलो.' चिनीत 'नेहमी' अर्थाचा 'छांगछांग' आला की तिथे 'ल' बसत नाही, कारण क्रिया एकदा होऊन संपली असं सांगायचंच नसतं. यावर मी माझ्या पोरांना एक खूण देते आणि ती बहुतेक वेळा चालते: मराठीत जिथे 'जायचो, खेळायचो, बसायचो' असं म्हणाल, तिथे 'ल' नको. वर्गाच्या धड्यांत हे कुठेच नाही, कारण धडे इंग्रजी डोळ्यापुढे ठेवून केलेत.

दुसरी, 'आहे'च्या जागी 'श' घालण्याची. 'ती हुशार आहे' यात चिनीत 'श' येत नाही. विशेषणाआधी साधारण 'खूप' अर्थाचं 'हन' लावून काम भागतं. तिसऱ्या पातळीपासून हे शिकवतो, पण घड्याळ सुरू झालं की 'श' परत येतो.

तिसरी, 'आणि'. चिनी 'ह' नामं जोडतो: आई आणि बाबा, चहा आणि पाणी. दोन वाक्यं त्यानं जोडत नाहीत. आपण मात्र 'मी उठलो आणि आवरलं आणि निघालो' असं बोलतो आणि तसंच लिहितो. चिनीत तिथे नुसता स्वल्पविराम चालतो, किंवा मग 'नंतर', 'त्यामुळे' अशा अर्थाचा दुवा लागतो.

चौथी मला सगळ्यांत मजेशीर वाटते. 'बा' हा शब्द कर्माआधी घालून केलेलं वाक्य आपल्याला सोपं जायला हवं, कारण त्यात कर्म क्रियापदाच्या आधी येतं, मराठीसारखंच: त्यानं, दार, लावलं. आणि तसं ते जातंही, जोवर वाक्य होकारार्थी आहे तोवर. नकार आला की घसरगुंडी. मराठीत 'नाही' शेवटी येतं, म्हणून विद्यार्थी नकार क्रियापदाला नेऊन चिकटवतात. चिनीत तो 'बा'च्या आधी हवा. 'पाहिजे', 'शकतो' अशा अर्थाचे शब्दही तिथेच, आधी. शिवाय 'बा'च्या वाक्यात क्रियापद उघडं सोडायचं नाही. त्यामागे परिणाम, जागा किंवा निदान 'ल' तरी लागतो. शब्द जुळवायच्या प्रश्नांत हे वाक्य हमखास विचारतात.

तीन 'द'ची गोष्ट तर संपतच नाही. उच्चार तिघांचा एकच, अक्षरं वेगळी. चिनी शिक्षक त्यांना अक्षराच्या अवयवांवरून ओळखतात: पांढरा आणि पळी असलेला 'द' नामाआधी, मातीचा 'द' क्रियापदाआधी, आणि दोन माणसांचा 'द' क्रियापदानंतर, काम कसं झालं ते सांगायला. लाओश समासात नुसतं 'माती?' असं लिहितात आणि विद्यार्थ्याला कळतं. संगणकावर तीनही 'द' एकाच टंकनानं येतात, त्यामुळे कीबोर्ड इथे काही वाचवत नाही.

पण ज्या चुकीवर लाओश सगळ्यांत जास्त अडून बसतात ती व्याकरणात मोडतच नाही. विद्यार्थी प्रत्येक वाक्य 'वो' म्हणजे 'मी'नं सुरू करतात. मी सकाळी उठलो. मी स्टेशनवर गेलो. मी मित्राला पाहिलं. मी त्याच्याशी बोललो. प्रत्येक वाक्य बरोबर आणि परिच्छेद मेलेला. चिनी लिखाणात एकदा कर्ता सांगितला की पुढची तीन-चार वाक्यं स्वल्पविरामांनी जोडून कर्त्याशिवाय चालत राहतात, आणि माणूस बदलला की मगच नवा कर्ता येतो. आपण मराठीत 'सकाळी उठलो, स्टेशनवर गेलो, तिथे एक मित्र दिसला' असं अगदी सहज म्हणतो. म्हणजे सवय आपल्याकडे आहेच. परकी भाषा म्हटलं की ती शाळेतल्या इंग्रजीच्या वहीत जाऊन बसते. लाओशनी एका परिच्छेदातले सगळे 'वो' गोल करून खाली लिहिलं, 'पहिला ठेवा, बाकीचे काढा, मग काय मोडतं ते बघा.' दोनच ठिकाणी मोडलं. इतकी चांगली सूचना मी स्वतः कधी दिली नव्हती, आता रोज देते.

याच बाईंनी एकदा थेट सत्रात बीजिंग भाषा आणि संस्कृती विद्यापीठाचा निबंधसंग्रह उघडून दाखवला. १९९२ ते २००५ या काळात एचएसके दिलेल्या परदेशी विद्यार्थ्यांचे ११ हजारांहून जास्त निबंध त्यात आहेत, चुकांवर खुणा केलेल्या. एखादा शब्द टाकला की जगभरच्या विद्यार्थ्यांनी तो कसा चुकवला ते ओळीनं दिसतं. माझी पोरं त्या सत्रात पहिल्यांदा हसली. आपण एकटेच असे नाही, हे कळल्यावर लिहिण्याची भीती जरा उतरते. असं सत्र एकच झालं, ही माझी तक्रार समजा.

आता खऱ्या तक्रारींकडे. वर्गात यंत्राकडून गुण देण्याची सोय आहे आणि जाहिरातीत तिचीच वाहवा जास्त. मजकूर टाकला की लगेच शंभरपैकी आकडा येतो. मी मुद्दाम एक परिच्छेद टाकला. त्यात खुर्चीनं मुलाखतीचं अभिनंदन केलं होतं, अनुभव अखेर घाबरला होता आणि शेवटी सगळे आनंदानं घरी गेले. पाचही शब्द होते, व्याकरण चोख, लांबी पुरेशी. यंत्रानं त्याला माझ्या सगळ्यांत हुशार मुलीच्या परिच्छेदापेक्षा जास्त गुण दिले. तिच्या परिच्छेदात एक अक्षर चुकलं होतं आणि एक वाक्य लांब झालं होतं, एवढाच तिचा गुन्हा. टंकनाच्या चुका पकडायला यंत्र ठीक आहे. परिच्छेद सलग आहे का, तर्काला धरून आहे का, हे त्याला कळत नाही, आणि परीक्षेत तर नेमके तेच गुण आहेत. आकडा दिसला की विद्यार्थी आकड्यासाठी लिहायला लागतात, म्हणून मी माझ्या पोरांना ते पान बंद ठेवायला सांगितलं.

हस्ताक्षराची आबाळ ही दुसरी मोठी तक्रार. परीक्षा कागदावर देता येते किंवा संगणकावर. केंद्र जे देईल त्यातून नोंदणीच्या वेळीच निवडायचं असतं. संगणकावर उच्चार टंकायचा आणि यादीतून अक्षर निवडायचं. यात एक मोठा फरक आहे. चिनी शिक्षक अक्षराच्या चुका दोन प्रकारच्या मानतात: जगात नसलेलं अक्षर काढणं, आणि एकाच्या जागी भलतंच खरं अक्षर लिहिणं. संगणकावर पहिली चूक होऊच शकत नाही, रेघ कमी-जास्त व्हायला वावच नसतो. दुसरी मात्र भरपूर होते. 'मध्ये' आणि 'पुन्हा' यांचे 'त्साय' यादीत शेजारी-शेजारी बसलेले असतात. 'विकत घेणं' आणि 'विकणं' दोन्ही 'माय', अर्थ बदलणारा सूर, म्हणजे उच्चारातला चढउतार, टंकायचा नसतो, बोट पहिल्यावर पडतं आणि सौदा उलटा होतो. कागदावर दोन्ही प्रकारच्या चुका होतात, आणि त्या दोन 'माय'मधला फरक तिथे डोक्यावरच्या अधिकच्या चिन्हाइतकाच असतो.

हा वर्ग पूर्णपणे कीबोर्डवर चालतो. कागदी परीक्षा देणाऱ्यांनी वहीचा फोटो पाठवायचा, अशी पळवाट आहे. पण फोटो आकसून जातो, बारीक रेघा दिसत नाहीत, आणि लाओश बिचाऱ्या 'इथे नीट दिसत नाही' असं लिहून पुढे जातात. चौकोनांचे नियम तर कुणी सांगितलेच नाहीत. परिच्छेदाच्या सुरुवातीला दोन चौकोन मोकळे सोडायचे. प्रत्येक विरामचिन्हाला आपला चौकोन. स्वल्पविराम किंवा पूर्णविराम ओळीच्या पहिल्या चौकोनात येत असेल तर तो मागच्या ओळीच्या शेवटच्या अक्षराबरोबर बसवायचा. आकडे एका चौकोनात दोन. पूर्णविराम ठिपका नसतो, छोटं वर्तुळ असतं. यादीतल्या वस्तूंमध्ये साधा स्वल्पविराम येत नाही, तिरपा थेंब येतो. आमच्याकडे हे सगळं कागदावर आखून करून घेते म्हणून निभलं. फक्त या वर्गाच्या भरवशावर कागदी परीक्षेला बसलेल्या मुलानं पहिलं पान बघून गोंधळायचं ठरलेलंच.

तुम्हाला निवड असेल आणि अक्षरं हातानं लिहायची सवय मोडली असेल, तर संगणकाचीच परीक्षा घ्या. त्यात कमीपणा नाही. पण तिसऱ्या पातळीच्या आतल्या मुलांना कीबोर्डवर सोपवू नका. हातानं लिहिल्याशिवाय अक्षराचे अवयव डोक्यात बसत नाहीत, आणि मग यादीतलं भलतं अक्षर भलतं आहे हेही दिसत नाही.

'नव्या मानकांनुसार' असा शिक्का वर्गाच्या पानावर ठळक आहे. १ जुलै २०२१ पासून चीनमध्ये तीन टप्पे आणि नऊ पातळ्यांचं नवं मानक लागू झालं, आणि सातवी ते नववी या वरच्या पातळ्यांची पहिली परीक्षा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. या मानकात वाचता यायची अक्षरं आणि हातानं लिहिता यायची अक्षरं वेगळी मोजलेली आहेत: ओळखायची ३०००, लिहायची १२००. सुरुवातीच्या टप्प्याला तर फक्त ३०० लिहायची. शिकवणाऱ्याच्या दृष्टीनं हा केवढा दिलासा आहे! कुठली अक्षरं घोटून घ्यायची आणि कुठली नुसती ओळखू द्यायची, हे ठरवता येतं. वर्गात याचा पत्ता नाही. धडे जुनेच, शिक्का नवा.

सहाव्या पातळीचा भाग मात्र अनपेक्षितपणे चांगला निघाला. तिथे साचा चालतच नाही, कदाचित म्हणूनच. १० मिनिटांत वाचायचं, टिपण काढायला परवानगी नाही, आणि मग आठवून लिहायचं. लाओशनी शिकवलेली रीत साधी आहे: पहिल्या वाचनात माणसं, काळ आणि जागा पकडायच्या, दुसऱ्या वाचनात फक्त वळणं, म्हणजे गोष्ट कुठे फिरली ते. संवाद जसेच्या तसे आठवत बसायचं नाही, 'तो म्हणाला की' असं करून आटपायचं. वर्णनं सोडून द्यायची. नावाचं अक्षर अवघड असेल तर वाचतानाच मनात दोन-तीनदा गिरवायचं, कारण नायकाचं नाव चुकलं की चारशे अक्षरांत ते पुन्हा पुन्हा चुकतं. शेवटी 'यातून आपण काय शिकलो' हे लिहायची खोड शाळेपासून सगळ्यांना असते. ती इथे नडते. मूळ गोष्टीत नसलेलं मत घालू नका असं प्रश्नातच सांगितलेलं असतं. सरावाच्या गोष्टी मात्र एका छापाच्या आहेत, सगळ्यांत कुणीतरी गरीब तरुण चिकाटीनं मोठा उद्योजक होतो. चौथ्या तरुणानंतर माझी चिकाटी संपली.

मग हा वर्ग कुणी घ्यावा? वाक्यरचना पक्की आहे, शब्द आहेत, पण सलग लिहिता येत नाही, आणि आजूबाजूला लिखाण वाचून देणारं चिनी जाणणारं माणूस नाही, अशांनी जरूर. रोज थोडं लिहायची तयारी हवी; दुसरा मसुदा पाठवायचा आळस करणाऱ्यांना यात काही मिळणार नाही, कारण सगळं त्या दुसऱ्या मसुद्यात आहे. तिसरी-चौथी देणाऱ्यांनी यात पडू नये. त्यांना शब्द जुळवण्याचा सराव आणि चौकोनांची वही पुरते. ज्यांना चांगला शिक्षक मिळालेला आहे त्यांनी आपल्या शिक्षकालाच सांगावं, 'चूक दुरुस्त करू नका, फक्त खूण करा.' अर्धा वर्ग तिथेच मिळेल.

दुसरा एखादा वर्ग बघत असाल तर नाव नोंदवण्याआधी एक तपासलेला नमुना मागा. त्यात लाल शाईनं पूर्ण वाक्यं लिहून दिलेली असतील तर तपासणारा मेहनती आहे, पण ती मेहनत विद्यार्थ्याच्या वाट्याची होती. नुसता आकडा आणि 'छान!' असेल तर यंत्र आहे, किंवा यंत्रासारखा माणूस. समासात प्रश्न असतील तर पुढे बोला. तपासणाऱ्याकडे एका वेळी किती विद्यार्थी आहेत तेही विचारा. आमच्या तुकडीत परीक्षा जवळ आली तशी गर्दी वाढली, मसुदे उशिरा यायला लागले आणि समासातले प्रश्न आखूड होत गेले. त्यात लाओशचा दोष दिसत नाही, तुकडी भरणाऱ्यांचा दिसतो.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. तपासलेले मसुदे वर्गाच्या साइटवर असतात आणि वर्गणीची मुदत संपली की दिसेनासे होतात. सगळे एकदम उतरवून घ्यायची सोय नाही, एकेक उघडून घ्यावा लागतो. पहिला आणि दुसरा मसुदा शेजारी-शेजारी ठेवा, कारण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उजळणीला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नसतं. मुदत संपल्यावर मदतकक्षाला विनंती करून पाहिली, उत्तर आलं की नवी वर्गणी भरा.